सहा महिन्यांत मेंदू बदलतो. आपल्या मुलांचे सहा महिने कुठे जातात?



"याच्या डोक्यातच शिरत नाही, काय करावं?" पालक मेळाव्यात हे वाक्य हमखास ऐकू येतं. त्याच्या पाठोपाठ दुसरं येतं, "आमच्या घराण्यातच कोणी शिकलेलं नाही, मग हा कुठून शिकणार?" दोन्ही वाक्यांमागे समजूत एकच आहे. मेंदू जन्माला येताना जसा मिळाला तसाच राहतो, कुणाचा चांगला, कुणाचा कमी. शाळा फार तर त्यावर रंग चढवते.

गेल्या पंधरा-वीस वर्षांत ही समजूत तपासून पाहायचं एक साधन शास्त्रज्ञांच्या हाती आलं आहे. जिवंत माणसाच्या मेंदूतल्या जोडण्या कशा आहेत आणि त्या जोडण्यांवरून काम कसं चालतं, या दोन्ही गोष्टी आता एकाच माणसात शेजारी ठेवून पाहता येतात. त्यातून जे दिसलं ते आपल्या अंबड तालुक्यातल्या शाळांसाठी फार महत्त्वाचं आहे असं मला वाटतं. थोडक्यात सांगायचं तर असं: मेंदूची जोडणी काही प्रमाणात आधी ठरलेली असते, पण वाचन त्यावर आपोआप उगवत नाही. ते सरावाच्या तासांनी घडतं. आणि आपल्या कितीतरी मुलांच्या वाट्याला हे तासच पुरेसे येत नाहीत.

मेंदूची दोन चित्रं

आधी हे चित्र काढतात कसं, ते पाहू. एमआरआय मशीन आपल्याला ऐकून माहीत आहे. मोठं चुंबक असतं, आवाज पुष्कळ होतो, आत न हलता पडून राहावं लागतं. यात क्ष-किरण नसतात. याच मशीनवर मेंदूची दोन वेगवेगळ्या प्रकारची चित्रं काढता येतात.

पहिलं चित्र कामाचं. मेंदूचा जो भाग काम करतो तिथे ऑक्सिजन घेऊन रक्त जास्त येतं. ऑक्सिजन असलेलं आणि ऑक्सिजन गेलेलं रक्त चुंबकाला वेगवेगळा प्रतिसाद देतं. हा फरक वापरून मेंदूचं काम टिपता येईल, हे सेइजी ओगावा या जपानी शास्त्रज्ञाने १९९० मध्ये दाखवलं. याला फंक्शनल एमआरआय म्हणतात. वाचताना कोणता भाग कामाला लागला, चेहरा पाहताना कोणता, हे त्यात दिसतं. एक लक्षात ठेवायचं, हे चित्र रक्ताचं आहे, विचारांचं नाही. रक्ताचा हा बदल कळसाला पोचायला पाच-सहा सेकंद लागतात आणि चित्रातल्या एका ठिपक्यात लाखो पेशी मावतात.

दुसरं चित्र जोडण्यांचं. आपल्या मेंदूत सुमारे ८,६०० कोटी चेतापेशी आहेत. त्यांचे लांब धागे एकत्र येऊन जुडगे बनतात आणि दूरदूरचे भाग एकमेकांना जोडतात. या धाग्यांवर मायलिन नावाचं चरबीचं आवरण असतं, वायरवर प्लास्टिक असतं तसं. आवरण चांगलं असलं की निरोप वेगाने जातो. आता, मेंदूत पाणी भरपूर आहे आणि त्या पाण्याचे रेणू सतत हलत असतात. धाग्यांच्या जुडग्यात ते आडवे कमी आणि लांबीच्या दिशेने जास्त सरकतात. हे सरकणं मोजलं की धागे कुठून कुठे गेलेत याचा अंदाज बांधता येतो. याला डिफ्यूजन एमआरआय म्हणतात.

आपल्याकडच्या भाषेत सांगायचं तर पहिलं चित्र म्हणजे आज पाणी कुठे चालू आहे ते, आणि दुसरं म्हणजे कालवा आणि चाऱ्यांचा नकाशा. जायकवाडीचा डावा कालवा आपल्याला परका नाही. नुसत्या नकाशावरून आज कुणाच्या रानात पाणी आहे ते कळत नाही, आणि नुसतं पाणी पाहून चारी कुठून आली ते कळत नाही. दोन्ही शेजारी ठेवले की मग उलगडा होतो.

जागा आधी ठरते, अक्षर नंतर येतं

आता खरा प्रश्न. माणूस लिहू-वाचू लागून जेमतेम पाच-सहा हजार वर्षं झाली. एवढ्या काळात मेंदूत वाचनासाठी वेगळा अवयव तयार होणं शक्य नाही. तरीही वाचता येणाऱ्या माणसाच्या मेंदूत डाव्या बाजूला, मागे खालच्या भागात, एक छोटी जागा अक्षरं दिसली की जोमाने कामाला लागते. मराठी असो, इंग्रजी असो, चिनी असो, जागा जवळपास तीच. फ्रेंच शास्त्रज्ञ स्टॅनिस्लास देहान तिला मेंदूची टपालपेटी म्हणतात. सगळ्यांच्या डोक्यात ही जागा एकाच ठिकाणी का?

अमेरिकेतल्या एमआयटी संस्थेत झेनेप सायगिन आणि नॅन्सी कॅनविशर यांच्या गटाने याचा शोध घेतला. त्यांनी पाच वर्षांच्या, अजून वाचता न येणाऱ्या मुलांच्या मेंदूची दोन्ही चित्रं काढली. तीच मुलं आठ वर्षांची होऊन वाचू लागल्यावर पुन्हा काढली. निष्कर्ष २०१६ मध्ये प्रसिद्ध झाले. आठव्या वर्षी अक्षर ओळखणारी जागा तयार झाली होती. पाचव्या वर्षी त्याच जागेला अक्षरांचं काहीच वावडं किंवा कौतुक नव्हतं. पण पाचव्या वर्षीच्या जोडणीच्या चित्रावरून, ती जागा पुढे नेमकी कुठे तयार होईल हे सांगता येत होतं. कारण तिथून भाषेच्या भागांकडे जाणारे धागे आधीपासूनच वेगळे होते.

म्हणजे चारी आधीच खोदलेली होती. अजून पेरलेलं काही नव्हतं, पण पाणी कोणत्या रानात पोचेल हे नकाशावरून कळत होतं.

इथे आपण शिक्षकांनी नीट थांबून विचार करायला हवा. हा अभ्यास लहान आहे, मोजक्या मुलांवरचा आहे. त्याचा अर्थ "कोण वाचणार, कोण नाही हे जन्मतःच ठरतं" असा नाही. चारीवरून रान कोणतं ते ठरलं. पेरणी, खुरपणी, पीक यातलं काहीच ठरलं नाही. शिवाय ही चारी जाते कुठे? भाषेकडे. घरात बोली अहिराणी असो, बंजारा असो, वऱ्हाडी की आपली मराठवाडी, मूल पाच वर्षं जे ऐकतं आणि बोलतं त्या भाषेला अक्षर जोडलं जातं. म्हणून पहिलीतल्या मुलाला खूप बोलतं करणं, गोष्टी सांगणं, गाणी म्हणून घेणं याला मी टाईमपास मानत नाही. माझ्या मते वाचनाचं पाणी जिथे पोचायचं आहे ते रान तयार करायचं काम ते आहे.

लखनौजवळच्या बायका

"लहानपणी ठीक आहे, पण वय झाल्यावर काय?" हा पुढचा प्रश्न. त्याचं उत्तर आपल्याच देशातून आणि आपल्याच लिपीतून आलं आहे.

लखनौजवळच्या गावांतल्या, लिहिता-वाचता न येणाऱ्या प्रौढांना, त्यात बहुतेक बायका, साधारण तिशीच्या वयाच्या, सहा महिने देवनागरी लिहा-वाचायला शिकवलं. शिकवण्याआधी आणि नंतर त्यांच्या मेंदूची चित्रं लखनौमध्येच काढली. जर्मनी आणि नेदरलँड्समधल्या माक्स प्लांक संस्था आणि भारतातले शास्त्रज्ञ या कामात होते. मायकेल स्कीडे आणि फाल्क ह्युटिग यांच्या गटाचा हा अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला.

बदल वरच्या, विचार करणाऱ्या भागापुरताच असेल असं वाटलं होतं. पण तो मेंदूच्या खोल भागात, मेंदूस्तंभ आणि थॅलॅमसमध्येही दिसला. हे भाग नजर कुठे वळवायची, कशाकडे लक्ष द्यायचं हे पाहतात. सहा महिन्यांनंतर हे खोल भाग आणि दृष्टीचा भाग एकमेकांशी जास्त ताळमेळाने चालू लागले. ज्यांचा ताळमेळ जास्त वाढला त्यांचं वाचन जास्त सुधारलं. आणि ही चित्रं वाचताना काढलेली नव्हती. मशीनमध्ये त्या नुसत्या पडून होत्या, तेव्हाही फरक दिसत होता.

असाच एक अभ्यास २००९ मध्ये कोलंबियातून आला होता. तिथे बंदूक टाकून समाजात परतलेले बंडखोर प्रौढपणी वाचायला शिकले. न शिकलेल्यांशी तुलना केली तेव्हा मेंदूचे उजवा-डावा भाग जोडणारा पूल त्यांच्यात एका ठिकाणी जास्त भरीव दिसला, आणि त्या पुलाच्या दोन टोकांचं कामही जास्त जुळलेलं दिसलं. जोडणी आणि काम, दोन्ही चित्रं एकाच दिशेने बोलत होती.

आपल्या महाराष्ट्रात ठाणे जिल्ह्यातल्या फांगणे गावी योगेंद्र बांगर या प्राथमिक शिक्षकांनी ८ मार्च २०१६ ला आजीबाईंची शाळा सुरू केली. गुलाबी साड्या नेसून, पाठीवर दप्तर घेऊन साठी-सत्तरीच्या आज्या शाळेत निघाल्या तेव्हा अनेकांना ते कौतुकाचं चित्र वाटलं. त्या आज्यांच्या मेंदूचं चित्र कुणी काढलेलं नाही आणि त्याची गरजही नाही. त्यांनी पाटीवर सही केली, तेवढा पुरावा पुरे. तिशीतल्या लखनौच्या बायकांवरचा अभ्यास सत्तरीला जसाच्या तसा लावता येणार नाही. पण "आता या वयात काय शिकणार" हे वाक्य यापुढे मला तरी पटणार नाही.

म्हणूनच उल्लास नवभारत साक्षरता कार्यक्रमाकडे आपण पुन्हा एकदा पाहावं असं वाटतं. सर्वेक्षण, ॲपवर नोंदणी, परीक्षा, याचा बोजा शिक्षकांवर पडतो, ही तक्रार खरी आहे आणि ती मांडायलाच हवी. पण पन्नास-पन्नास गुणांच्या वाचन, लेखन, संख्याज्ञानाच्या त्या परीक्षेला बसलेली बाई आणि परीक्षेपुरती नोंदवलेली बाई यात फरक आहे. एकीला सहा महिने शिकवलेलं असतं, दुसरीचं फक्त नाव लिहिलेलं असतं. मेंदू नाव लिहिल्याने बदलत नाही.

तास मोजा

मुलांचं काय? वाचनात मागे पडलेल्या आठ ते दहा वर्षांच्या मुलांवर अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठात टिमोथी केलर आणि मार्सेल जस्ट यांनी अभ्यास केला. तोही २००९ मधलाच. या मुलांना सहा महिन्यांत सुमारे १०० तास वाचनाचा खास सराव दिला. आधी त्यांच्या मेंदूतल्या एका भागात धाग्यांची जोडणी चांगल्या वाचकांपेक्षा कमकुवत दिसत होती. सरावानंतर ती सुधारली आणि वाचनही सुधारलं. ज्यांना सराव मिळाला नाही त्यांच्यात हा बदल दिसला नाही.

पुढे २०१८ मध्ये सिॲटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठातल्या एलिझाबेथ ह्युबर आणि जेसन येटमन यांच्या गटाने सात ते बारा वर्षांच्या मुलांना आठ आठवडे, आठवड्यातून पाच दिवस, रोज चार तास शिकवलं. मध्ये मध्ये चित्रं काढत गेले. जोडण्यांमधला बदल काही आठवड्यांतच दिसू लागला आणि तो वाचनाच्या प्रगतीबरोबर चालत गेला.

या अभ्यासांत मुलं कमी होती, शिक्षक भरपूर होते, आणि असं शिकवणं आपल्या द्विशिक्षकी शाळेत जमणारं नाही, हे मान्य. पण एक गोष्ट निर्विवाद आहे. "कमकुवत जोडणी" ही कपाळावरची रेघ नव्हती. ती सरावाने हलली. कमकुवत जोडणीमुळे मूल वाचत नाही की न वाचल्यामुळे जोडणी कमकुवत राहते, याची गाठ एका चित्रावरून सुटत नाही. शिकवून पुन्हा चित्र काढलं तेव्हा ती थोडी सुटली.

आता आपलं गणित

शिक्षण हक्क कायद्याने पहिली ते पाचवीसाठी वर्षाला २०० दिवस आणि ८०० तास ठरवले आहेत. आपल्या तालुक्यातली, शेजारच्या घनसावंगीतली, पलीकडे बीडमधली कितीतरी कुटुंबं दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात. मुकादमाची उचल घेतलेली असते, नवरा-बायकोचा कोयता ठरलेला असतो, मागे सांभाळायला कोणी नसलं की पोरंही गाडीत बसतात. कारखान्याचा पट्टा पडल्यावर, मार्च-एप्रिलला परत येतात. तेव्हा वर्ष संपत आलेलं असतं.

हिशोब करा. २०० पैकी निम्मे दिवस गेले. त्या १०० दिवसांत रोज एकच तास वाचनाचा धरला तरी १०० तास गेले. म्हणजे जेवढ्या तासांत तिथल्या मुलांच्या मेंदूची जोडणी सुधारली, तेवढे तास आपल्या मुलांचे दर हंगामाला जातात. पहिलीपासून तिसरीपर्यंत तीन हंगाम, ३०० तास. आणि मग चौथीत आपण म्हणतो, "याच्या डोक्यातच शिरत नाही."

शिरायला वेळ मिळाला कुठे?

दोन्ही तास अगदी सारखे नाहीत, हे मला ठाऊक आहे. तिथे खास सराव होता, इथे भरलेला वर्ग असतो. ऊसतोडीच्या मुलांच्या मेंदूची चित्रं काढलेला अभ्यास पुढे ठेवून मी बोलत नाही. मी फक्त तासांचा हिशोब मांडतो आहे. निपुण भारतचं तिसरीपर्यंतच्या मुलांना समजून वाचता यावं हे ध्येय २०२६-२७ साठी ठेवलेलं आहे. ते गाठायचं तर हे हरवलेले तास आधी मोजावे लागतील. आपण चाचणीचे गुण भरतो, वाचनाचे तास भरत नाही.

मेंदूच्या नावाने चाललेला बाजार

पालकांसाठी एक इशारा. मेंदूची रंगीत चित्रं दाखवली की माणूस भुलतो. त्याच जोरावर गावोगावी जाहिराती फिरतात. मुलाच्या बोटांचे ठसे घेऊन त्याची बुद्धी आणि करिअर सांगणारी चाचणी, डोळ्याला पट्टी बांधून वाचायला शिकवणारं "मिडब्रेन ॲक्टिव्हेशन", उजवा मेंदू-डावा मेंदू जागा करणारी शिबिरं. बोटांच्या ठशांच्या चाचणीला शास्त्रीय आधार नाही, असं इंडियन सायकिॲट्रिक सोसायटीने स्पष्ट सांगितलं आहे. पट्टीखालून नाकाच्या फटीतून दिसतं, हे विवेकवादी कार्यकर्त्यांनी अनेकदा उघड केलं आहे.

खऱ्या एमआरआयबद्दलही गैरसमज नको. वर सांगितलेले निष्कर्ष गटांच्या सरासरीचे आहेत. एका मुलाचा एमआरआय काढून "हा वाचेल की नाही" किंवा "याला अध्ययन अक्षमता आहे की नाही" असं ठरवत नाहीत. अध्ययन अक्षमतेचं निदान प्रशिक्षित तज्ज्ञ वाचन, लेखन, बुद्धी यांच्या चाचण्यांनी करतात. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ मध्ये तिचा समावेश आहे आणि त्यानुसार सवलती मिळतात. शंका असेल तर गटसाधन केंद्रातल्या समावेशित शिक्षणाच्या विशेष शिक्षकांना विचारा. शिबिराची फी भरू नका. त्याच पैशात घरात पाच-पन्नास गोष्टींची पुस्तकं येतील.

आपल्या हातात काय आहे

पहिलं, वाचनाचे तास लिहा. वर्गातल्या मागे पडलेल्या मुलांपुरती एक वही करा. रोज प्रत्यक्ष किती मिनिटं त्या मुलाच्या स्वतःच्या डोळ्यांपुढे मजकूर होता, तेवढंच लिहायचं. फळ्यावरचं सामूहिक वाचन त्यात धरायचं नाही.

दुसरं, देवनागरीच्या अवघड जागांवर वेळ द्या. "कि" लिहिताना पहिली वेलांटी आधी दिसते आणि उच्चार नंतर येतो. उकार खाली, मात्रा वर, रफार पुढच्या अक्षराच्या डोक्यावर. नजरेला पुढे-मागे, वर-खाली फिरावं लागतं. लखनौच्या बायकांच्या मेंदूत नजर आणि लक्ष सांभाळणारे भाग बदलले, यात मला तरी नवल वाटत नाही. मूल "दिवस"ला "दवस" वाचतं तेव्हा ते मठ्ठ नसतं, त्याच्या नजरेला अजून वळण पडायचं असतं.

तिसरं, स्थलांतर करणाऱ्या मुलांसाठी हंगामी वसतिगृह आणि शिक्षण हमी कार्ड या सोयी कागदावर आहेत. वसतिगृहाचा प्रस्ताव मुलं गेल्यावर मंजूर होऊन उपयोग नाही. शाळा व्यवस्थापन समितीने ऑगस्टमध्येच यादी करून सप्टेंबरात पाठपुरावा करावा. जे मूल जाणारच आहे त्याच्या पिशवीत हमी कार्डाबरोबर चार गोष्टींची पुस्तकं द्या, आणि त्याच्या आई-वडिलांना सांगा, "रात्री खोपीवर वीस मिनिटं वाचून घ्या, तुम्हाला येत नसलं तरी चालेल, फक्त ऐका."

चौथं, परत आलेल्या मुलाला थेट चालू पाठावर बसवू नका. एप्रिलपासून, आणि जूनमध्ये शाळा उघडताच, रोज एक जादा तास, चार-पाच जणांचा गट. १०० तास हा आकडा समोर ठेवा. दिवाळीपर्यंत तो भरता येतो.

आणि पालकांना एक विनंती. मुलासमोर "घराण्यातच नाही" म्हणू नका. वाचन कुठल्याच घराण्यात जन्मतःच नसतं. ते प्रत्येकाच्या मेंदूत नव्याने, तासातासाने घडवावं लागतं, पाटलाच्या आणि कोयत्यावर जाणाऱ्याच्याही. आपण मोजायचं ते डोकं नाही, त्याला मिळालेले तास.